आळ घेणारा

घरात पोरगं फार धिंगाणा घालायला लागलं की आमच्या आर्वीकडची माय म्हणते, "निरा सैतान हाय." त्यात अर्धा राग असतो आणि अर्धं कौतुक. अरबीतून आलेला हा शब्द मराठीत इतका मुरला आहे की तो बाहेरचा आहे हे मुद्दाम सांगावं लागतं. पण हाच शब्द महाराष्ट्राच्या एका कायद्यातही छापलेला आहे, असं पारावर सांगितलं तर लोक हसतात. मास्तर काहीही सांगता, म्हणतात.

छापलेला आहे. आपण ज्याला जादूटोणाविरोधी कायदा म्हणतो तो 2013 चा अधिनियम. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा 20 ऑगस्ट 2013 ला पुण्यात खून झाला, काही दिवसांत अध्यादेश निघाला आणि डिसेंबरात आमच्या नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात कायदा पास झाला. त्याच्या अनुसूचीत 12 प्रकारची कृत्यं दिली आहेत. त्यातलं एक माझ्या शब्दांत असं: अमुक माणूस करणी करतो, भूत लावतो, मंत्र घालून जनावराचं दूध आटवतो, त्याच्यामुळे रोगराई येते, असं पसरवून त्याचं जगणं अवघड करणं, किंवा एखाद्याला सैतान अथवा सैतानाचा अवतार ठरवणं. शिक्षा 6 महिन्यांपासून 7 वर्षांपर्यंत, दंड 5,000 पासून 50,000 रुपयांपर्यंत. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र.

हे कलम सावकाश वाचलं की एक गोष्ट ध्यानात येते. सैतान आहे की नाही, या वादात ते पडतच नाही. ते बोट दाखवणाऱ्याचं मनगट धरतं. मला जे म्हणायचं आहे ते एवढंच, आणि ते नास्तिकाच्या बाजूनं म्हणायचं नाही. ज्या धर्मपरंपरांनी सैतान जगाला दिला, त्यांच्याच जुन्या पोथ्या उघडल्या तर त्याही बोट दाखवणाऱ्याकडेच बघतात. आपण गावात मात्र नेमके उलट बघतो.

साल सांगत नाही, माणसं अजून हयात आहेत. वर्धा नदीच्या काठच्या एका गावात मी तेव्हा जिल्हा परिषदेच्या शाळेवर होतो. वर्षभरापूर्वी लग्न होऊन आलेली एक पोरगी जेवेना, कामात जीव लागेना, दिवसाढवळ्या पडून राहू लागली. एक दिवस निंदताना वावरातच भोवळ येऊन पडली. बाहेरची हवा लागली, असं घरानं ठरवलं. बाजूच्या तालुक्यातून देवरसी, म्हणजे मांत्रिक, बोलावला. तो मोटरसायकलवर आला, हँडलला पिशवी. पिशवीत लिंबं, अगरबत्तीचा पुडा आणि बामच्या जुन्या बाटलीत काळे उडीद. अंगणात निंबाखाली पोरीला बसवलं. गोवरीच्या विस्तवावर लाल मिरच्या टाकल्या. जमलेले निम्मे लोक खोकत होते, पण जागचं कोणी हलत नव्हतं. त्यानं तिच्या केसांची बट मनगटाला गुंडाळली आणि विचारलं, "सांग, कोणं पाठवलं तुले?" ती बोलेना. पुन्हा तेच. "नाव घे. नाव घेतल्याबिगर सोडत नाई." चौथ्या की पाचव्या खेपेला तिनं नाव घेतलं. आवाज इतका बारीक की मागच्यांनी पुढच्यांना विचारलं, कोणाचं म्हणे? तोंडोतोंडी ते नाव अंगणाबाहेर गेलं. जिचं होतं तिचं घर तिथून चार घरं सोडून होतं. ती दारात बसून सुपात तूर पाखडत होती.

म्हातारी, एकटी, नवरा जाऊन पंधरा वर्षं झालेली. तिच्या वावराचा धुरा, म्हणजे बांध, या घराच्या वावराला लागून, आणि दोन तासांवरून, म्हणजे नांगराच्या दोन ओळींवरून, भांडण. अर्ज तलाठ्याकडे पडलेला. पोरीनं वर्षभर सासूच्या तोंडून शिव्या ऐकल्या त्या याच म्हातारीला दिलेल्या. मिरचीच्या धुरात, केस ओढले जात असताना, तिच्या तोंडून दुसरं कोणाचं नाव निघणार होतं? मी त्या गर्दीत छत्री घेऊन उभा होतो. मास्तरला गावात मान असतो. माझं कोणी ऐकलं असतं असं नाही, पण जे बोलायला हवं होतं ते मी बोललो नाही. दुसऱ्या दिवशी पाचवीला अपूर्णांक शिकवले.

पोरीला पुढं माहेरी नेलं. तिथल्या डॉक्टरनं रक्त तपासलं, हिमोग्लोबिन 6 निघालं. गोळ्या, इंजेक्शनं झाली, दिवाळीपर्यंत ती चालती-बोलती झाली. नाव मात्र एकदा घेतलं ते घेतलं, ते परत घ्यायची सोय नव्हती. म्हातारीच्या म्हशीचं दूध घ्यायचं लोकांनी बंद केलं. ती हापशीवर आली की बाया आपापले पाण्याचे गुंड उचलून बाजूला सरत.

आता या प्रसंगाकडे अंधश्रद्धा म्हणून नका बघू. श्रद्धा म्हणूनच बघा. समजा, पोरीच्या अंगात खरोखर काही होतं. दुष्ट, पापी, माणसाचं वाईट चिंतणारं. मग त्याच दुष्टाला आपण साक्षीदार कसं केलं? ज्याला झाडूनं मारून हाकलायचं, त्यानंच सांगितलेलं नाव मात्र खरं धरायचं? बायबलातल्या योहानाच्या शुभवर्तमानात सैतानाला लबाडीचा बाप म्हटलं आहे. लबाडीच्या बापाच्या जबानीवर शेजारणीला गुन्हेगार ठरवणारं गाव देवाचं ऐकतं, असं कसं म्हणायचं?

हा मुद्दा माझा नाही, तीनशे वर्षं जुना आहे. 1692 साली अमेरिकेतल्या सेलम गावात काही पोरींना झटके येऊ लागले. कोण छळतं, असं विचारल्यावर त्यांनी नावं घेतली. अमक्या बाईची छाया आम्हाला चिमटे घेते, गळा दाबते, असं त्या कोर्टात सांगत आणि कोर्ट ते पुरावा म्हणून लिहून घेई. 19 जणांना फाशी झाली, एका म्हाताऱ्याला छातीवर दगड रचून मारलं. हे थांबलं कसं, ते बघण्यासारखं आहे. सैतान नसतोच, असं तिथं कोणी म्हटलं नाही. म्हणणाऱ्यालाच लटकवलं असतं. तिथले धर्मगुरू सैतानावर ठाम विश्वास ठेवणारे होते. त्यांनी म्हटलं, सैतान कपटी आहे, तो निरपराध माणसाचं रूपही घेऊ शकतो. म्हणून छायेची साक्ष धरणं म्हणजे सैतानाच्या शब्दावर माणूस मारणं. पुढच्या वर्षी नव्या कोर्टानं तसला पुरावा नाकारला आणि बहुतेक सगळे सुटले. लोकांचा विश्वास जिथल्या तिथं राहिला. फाशी थांबली.

गावात काम करणाऱ्या आमच्या विवेकवादी मित्रांनी ही युक्ती वापरून पाहावी असं मला कधीपासून वाटतं. भूत नाही, असं सांगायला गेलं की समोरचा म्हणतो, तुम्ही शिकलेले, तुम्हाला नाही दिसत. तिथंच बोलणं संपतं. भुताचं खरं कशावरून मानता, असं विचारलं की तो क्षणभर थांबतो. मला तो क्षणभर पुरतो.

आता शब्दच घ्या. हिब्रूत ‘सातान’ म्हणजे विरोधक, आणि कोर्टाच्या भाषेत आरोप करणारा. ग्रीकमध्ये त्याचं ‘दियाबोलोस’ झालं, म्हणजे चहाडखोर, आळ घेणारा. युरोपच्या बहुतेक भाषांतले सैतानाचे शब्द त्यातूनच निघाले. बायबलच्या शेवटच्या पुस्तकात तो स्वर्गातून खाली टाकला जातो तेव्हा घोषणा होते ती अशी की, आमच्या बांधवांवर रात्रंदिवस आरोप करणारा खाली पडला. आणि पवित्र आत्म्यासाठी योहान जो ग्रीक शब्द वापरतो, त्याचा एक अर्थ वकील. एका बाजूला आरोप करणारा, दुसऱ्या बाजूला बाजू मांडणारा. सैतान म्हणजे शिंगं आणि शेपटी, हे चित्रकारांचं देणं आहे. मूळ शब्दात तो वेगळ्याच हुद्द्यावर बसलेला आहे.

बायबलातली ईयोबाची गोष्ट आमच्याकडच्या शेतकऱ्याला कळायला पाद्री लागत नाही. सुखवस्तू, पापभीरू माणूस. देवाच्या दरबारात इतरांबरोबर सैतानही हजर होतो. तिथं तो देवाचा शत्रूही नाही, दरबारातलाच एक आहे. तो म्हणतो, ईयोब तुला भजतो ते फुकट का? त्याचं सगळं काढून घे, मग बघ. आणि मग ढोरं जातात, गडी जातात, पोरं जातात, शेवटी अंगभर फोडं येतात. एकाच साली बोंडअळी, बैलाचं मरण आणि पोराचा ताप अनुभवलेल्या घराला यात नवीन काय आहे?

पण गोष्टीतली खरी गंमत पुढं आहे. हे पुस्तक 42 अध्यायांचं, आणि सैतान दुसऱ्या अध्यायानंतर दिसतच नाही. त्याची पुढं गरजच पडत नाही, कारण ईयोबाचे मित्र येतात. सात दिवस गप्प बसतात, तेवढं बरं करतात. मग बोलायला लागतात. तू काहीतरी केलं असशील. एवढं उगाच होत नाही. पाप कबूल कर. अध्यायामागून अध्याय तेच. सैतानाचं काम शेजाऱ्यांनी उचललं, आणि आपण देवाची बाजू घेतो आहोत या समजुतीत उचललं. शेवटी देव बोलतो तेव्हा रागावतो तो या मित्रांवर, ईयोबावर नाही. "काही तरी केलं असन तिनं," हे वाक्य आमच्या गावातल्या प्रत्येक ओट्यावर मी ऐकलं आहे. मीही एखाद्या वेळी म्हटलं असेन.

कुराणातला इब्लिस आणखी सरळ आहे. आदमापुढे झुकायची आज्ञा होते, बाकी सगळे झुकतात, हा झुकत नाही. तो जिन्नांपैकी होता असं एका सुऱ्यात, म्हणजे अध्यायात, स्पष्ट म्हटलं आहे, तरी फरिश्त्यांच्या रांगेत तो उभा होता, म्हणून भाष्यकारांत त्यावर वाद आहे. न झुकण्याचं त्याचं कारण ऐका: मी याच्यापेक्षा श्रेष्ठ, मला आगीपासून बनवलं, याला मातीपासून. सैतानाचं पहिलं वाक्य, आणि ते जन्मावरून उच्चनीच सांगणारं. हे आमच्या गावात कोणाला अनोळखी वाटेल? गावाच्या कोणत्या टोकाला कोणाची वस्ती, आणि करणीचा संशय कोणत्या टोकाकडे आधी वळतो, हे पोलिस पाटलाला विचारायची गरज नाही. चंद्रपूर जिल्ह्यात जिवती तालुक्यातल्या वणी खुर्दला ऑगस्ट 2021 मध्ये भानामतीच्या संशयावरून भर चौकात सात जणांना बांधून मारलं. त्यांत म्हाताऱ्या बायाही होत्या, आणि माणसं दलित कुटुंबांतली होती.

याच इब्लिसाचं कयामतीच्या दिवशीचं एक बोलणं आहे. त्याच्या नादी लागलेल्यांना तो म्हणतो, माझी तुमच्यावर सत्ता कुठं होती? मी बोलावलं, तुम्ही आलात. मला दोष देऊ नका, स्वतःला द्या. म्हणजे इस्लामी परंपरेतला खुद्द सैतान म्हणतो की मी फक्त कुजबुजू शकतो. मग सैतानाला घाबरून माणूस मारणाऱ्यानं त्याला त्याच्या स्वतःच्या हिशेबापेक्षाही मोठं केलं म्हणायचं.

आमच्याकडे कायमचा सैतान नाही, असं लोक अभिमानानं सांगतात. खरं आहे ते, पण स्वर्गातून पडलेले आमच्याकडेही आहेत. जय आणि विजय, वैकुंठाचे द्वारपाल. सनकादिक कुमार उघड्या अंगानं, लहान पोरांच्या रूपात आले आणि या दोघांनी त्यांना दारात अडवलं. दिसण्यावरून ठरवलं, हे आत जायच्या लायकीचे नाहीत. शापानं खाली पडले, तीन जन्म विष्णूचे वैरी होऊन घालवले: हिरण्याक्ष-हिरण्यकशिपू, रावण-कुंभकर्ण, शिशुपाल-दंतवक्र. त्यातला शिशुपाल तर आमचा जावई होता होता राहिला. आर्वीकडून नदी ओलांडली की पलीकडे कौंडण्यपूर, रुक्मिणीचं माहेर. तिथं तो बाशिंग बांधून आला होता आणि कृष्णानं नवरी पळवली. शेवटी तो मेला तेव्हा त्याचं तेज कृष्णातच मिळालं, असं भागवत सांगतं. तिसरा जन्म संपला, द्वारपाल आपल्या जागी परत गेले. दारात अडवलं म्हणून पडलेला हा देवदूत. कीर्तनात शिशुपालाचे शंभर अपराध रंगवून सांगतात, दाराची गोष्ट मात्र दोन ओळींत उरकतात. हापशीवर बाजूला सरणाऱ्या बायांपुढं ती तासभर सांगायला हवी होती.

परंपरा धुतल्या तांदळासारखी आहे, असं मात्र मी म्हणणार नाही. पडलेल्या देवदूतांची सगळ्यात रंगतदार कथा हनोखाच्या नावावरच्या एका जुन्या यहुदी पोथीत आहे. इथिओपियाच्या चर्चनं ती आजही पवित्र मानलेली, आणि मृत समुद्राकाठच्या गुहांत तिचे जुने तुकडेही सापडले. 200 देवदूत हर्मोन डोंगरावर उतरतात, माणसांच्या पोरींशी लग्नं लावतात. त्यांतला अजाजेल माणसांना तलवारी, ढाली घडवायला शिकवतो, आणि लगोलग दागिने घडवायला आणि डोळ्यांत काजळ घालायला. दुसरे कोणी मंत्र, जडीबुटी, ताऱ्यांची विद्या शिकवतात. तलवार आणि काजळ एकाच यादीत! अशा गोष्टींतून बाई, औषधी मुळी आणि सैतान यांची गाठ पक्की होत गेली. 1486 साली एका जर्मन धर्मगुरूनं चेटकिणी कशा ओळखाव्यात यावर आख्खं पुस्तक लिहिलं. पुढच्या दोन-तीन शतकांत युरोपात 40 ते 50 हजार माणसं चेटकाच्या आरोपाखाली मारली गेली असं इतिहासकार धरतात, त्यात बहुतेक बाया. आरोप करणाऱ्याला सैतान म्हणणाऱ्या धर्मानंच आरोपाचा कारखाना काढला. तेव्हा पोथीत चांगलं लिहिलं आहे एवढ्यानं भागत नाही, ते मोठ्यानं वाचणारं कोणी लागतं.

आळ किती सहज चिकटतो, याचं एक उदाहरण तर आभाळात आहे. बायबलातल्या यशायाच्या पुस्तकात बाबिलोनच्या राजाची टिंगल करताना त्याला पहाटेचा तारा म्हटलं: केवढा चमकत होतास, कसा पडलास. संत जेरोमच्या लॅटिन बायबलमध्ये त्या ताऱ्यासाठी शब्द आला लूसिफर, प्रकाश आणणारा. म्हणजे साधा शुक्र. पुढं वाचणाऱ्यांनी तो राजा विसरून त्या जागी सैतान पाहिला, आणि लूसिफर हे सैतानाचं नाव होऊन बसलं. चौथ्या शतकात सार्डिनियात लूसिफर नावाचा बिशप होऊन गेला, म्हणजे तोवर ते नाव पोराला ठेवण्याजोगं होतं. माझे वडील त्याच शुक्राच्या चांदणीवर बैल सोडायचे. "चांदणी निंगाली, उठ," ही हाक अजून माझ्या कानात आहे. त्या बिचाऱ्या ग्रहानं कोणाचं काय केलं होतं?

शेजाऱ्याचा देव तो आपला सैतान, हा तर जुनाच व्यवहार आहे. पारशांच्या अवेस्तात अहुर थोर आणि ‘दएव’ दुष्ट. आमच्याकडे देव थोर आणि असुर दुष्ट. कोकणातला देवचार गावाच्या शिवेचा राखणदार. गोव्याच्या ख्रिस्ती कोंकणीत तोच शब्द सैतानाला लावतात. दसऱ्याला आपण रावण जाळतो, आणि अकोला जिल्ह्यात पातूर तालुक्यातल्या सांगोळ्याचे लोक त्याच रावणाच्या दगडी मूर्तीला नारळ फोडतात. मेळघाटातले कोरकू होळीच्या पाठोपाठ मेघनाथ पुजतात. मला यात विसंगती दिसत नाही. आपण कोणाला वाईट म्हणतो हे आपण कुठं उभे आहोत त्यावर ठरतं, एवढं शहाणपण यातून आलं तरी पुष्कळ.

आणि वाईटाला हाकलायचं कसं, याचीही आमच्याकडे एक पद्धत आहे, जी मला कोणत्याही देवरसीपेक्षा शहाणी वाटते. पोळ्याला दारात पळसाच्या फांद्या ठेवतात, त्यांना मेढे म्हणतात. दुसऱ्या दिवशी भल्या पहाटे त्या उचलून पोरं शिवेकडे पळतात. "इडा, पिडा, रोगराई, खासी-खोकला घेऊन जाय गे मारबत!" नागपुरात याच दिवशी काळी आणि पिवळी मारबत, म्हणजे वाईटाचे मोठे पुतळे, निघतात, सोबत बडगे नावाचे आणखी पुतळे, बडग्यांवर महागाई असते, भ्रष्टाचार असतो, त्या साली लोक ज्याच्यावर चिडले असतील तो पुढारी असतो. गावातलं सगळं वाईट एका आकाराला द्यायचं, शिव्या घालायच्या, जाळायचं आणि घरी येऊन जेवायचं. यात वाईटाला चेहरा मिळतो, पण तो कोणा शेजारणीचा नसतो. होळीच्या सुमारास बुलढाण्याला सैलानी बाबाच्या यात्रेत नारळांची होळी पेटते, हिंदू-मुसलमान दोघं आपली पीडा त्यात टाकून येतात. तिथं आजाऱ्याला डॉक्टरपासून लांब ठेवलं जात असेल तर मी भांडेन, साखळीत बांधलं तर 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानं तो गुन्हाच आहे. पण नारळाच्या जाळाशी माझं भांडण नाही.

माझे विवेकवादी मित्र यावर म्हणतात, सर, तुम्ही झाड ठेवता आणि फांदी छाटता. सैतान मनात राहिला की आज ना उद्या त्याला कोणाचं तरी अंग लागणारच. त्यांचं म्हणणं मी उडवून लावत नाही. मे 2024 मध्ये गडचिरोलीच्या एटापल्ली तालुक्यात बारसेवाड्याला जादूटोण्याच्या संशयावरून एक बाई आणि एक पुरुष यांना मारून जिवंत जाळलं. त्याच वर्षाच्या शेवटी मेळघाटात रेट्याखेड्याला 77 वर्षांच्या म्हातारीला मारहाण करून तिची धिंड काढली. कायदा होऊन दहा वर्षं झाल्यावरच्या या गोष्टी आहेत. तिथं मी शिशुपालाची कथा सांगायला जाणार का? नाही. तिथं पोलिस लागतात, आणि ते वेळेवर लागतात.

मुळावर घाव घालणारा रस्ताही विदर्भानं पाहिला आहे. 14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात बाबासाहेबांबरोबर लाखो लोकांनी धम्म घेतला. कितीतरी घरांतून जुने देव नदीत गेले आणि त्यांच्यासोबत जुनी भुतंही. बौद्ध परंपरेत मार नावाचा सैतान आहे, पण त्याची सेना कोणती? वासना, तहान-भूक, आळस, भीती, शंका. म्हणजे सैतान हुडकायला दुसऱ्याच्या घरी जावंच लागत नाही. याहून स्वच्छ मांडणी मला दुसरीकडे दिसत नाही. तरी त्या घरांतल्या काही दारांवरही आज लिंबू-मिरची लोंबताना मी पाहतो. रस्ता बरोबर असून माणसं मागं फिरतात, कारण रात्री दोनला पोर तापलेलं असतं आणि आरोग्य केंद्राच्या दाराला कुलूप असतं.

म्हणून मला झाडाची घाई नाही. आधी फांदी, कारण फांदीला माणूस टांगलेला आहे. गावात कोणाचं नाव घेतलं गेलं की पोलिस पाटलानं त्या नावाच्या घरी चौकशीला जाऊ नये. नाव घेणाऱ्याच्या आणि घ्यायला लावणाऱ्याच्या घरी जावं. या कायद्यात दक्षता अधिकारी नेमायची तरतूद आहे, पण आमच्या पंचक्रोशीत तो कोण, हे मी दहा जणांना विचारलं आणि दहांना माहीत नव्हतं. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर हागणदारीमुक्तीच्या पाटीशेजारी त्याचं नाव आणि फोन रंगवायला किती चुना लागेल? आणि महाराज, मौलवी, पाद्री, भंते यांनी वर्षातून एकदा आपापल्या लोकांपुढं एवढंच सांगावं, की अंगात आलेल्याची साक्ष आमच्या धर्मात चालत नाही. त्यांच्या श्रद्धेला यानं काहीही धक्का लागत नाही. ज्यांच्या पोथ्यांत ईयोब आहे, इब्लिस आहे, दारात अडवणारे जय-विजय आहेत, त्यांना हे सांगायला नवीन काही शिकावं लागणार नाही.

त्या साली पोळा झाला, दुसरा दिवस उजाडला. मी अंधारातच ओट्यावर येऊन बसलो होतो. पोरं मेढे घेऊन ओरडत आली. म्हातारीच्या घरासमोर आली तशी त्यांतली तिघं-चौघं थांबली आणि मारबतीच्या जागी तिचं नाव घालून ओरडू लागली. तीच पोरं, माझ्याच वर्गातली. या खेपेला मी उठलो. पण मी रस्ता ओलांडायच्या आत तिचं दार उघडलं. हातात तिच्या दारचा मेढा होता, पानं सुकून वळलेली. ती पायरी उतरली आणि सगळ्यात पुढं उभ्या पोराच्या हातात तिनं ती फांदी दिली.

"हे बी घेऊन जाय बापा," ती म्हणाली. "माह्या घरचं राह्यलं होतं."

पोरानं माझ्याकडं पाहिलं, मग फांदीकडं. ती त्यानं बाकीच्या फांद्यांबरोबर काखेत धरली आणि पोरं शिवेकडं पळाली.